नव्या कंपनीच्या दोन ओव्हरस्टेबल पटरपैकी कोणता घ्यावा, आणि बेळगावात कोर्स नसताना तो पारखायचा कसा?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळून आता डिस्क गोल्फकडं, म्हणजे कमीत कमी फेकींत डिस्क साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायच्या खेळाकडं, वळलाय, हातात एक जुना झोन (डिस्क्राफ्टचा पटर) आहे, आणि नव्या कंपनीचे दोन ओव्हरस्टेबल पटर दिसतायत, म्हणजे जवळच्या फेकींच्या, उजवीकडं न कलता शेवटी ठाम डावीकडं वळणाऱ्या डिस्क: एक बीडवाला (रिमच्या, म्हणजे कडेच्या, खालच्या बाजूला गोल उंचवटा असलेला), एक बिनबीडचा. झोनच्या जागी कुठला चालेल, आणि पटिंगला, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायला, तो चालेल का? दोन्ही माझ्याकडं आहेत आणि दोन्ही मी बेळगावातच फेकलेत, म्हणून लिहितो. कंपनीचं नाव मी इथं घेत नाही.

थेट सांगायचं तर बिनबीडचा घ्या. बीडवाला वाईट नाही, हातात तर तोच छान बसतो, पण ओव्हरस्टेबल म्हणून घ्यावा असा तो नाही. दोन्हींवर फेड (शेवटी डावीकडं वळण्याचा आकडा) ३ छापलाय, त्याला भुलू नका.

त्या आकड्यांचं काय आहे, स्पीड (वेग), ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न (सुरुवातीचं उजवीकडं वळणं), फेड हे चारही नंबर कंपनी स्वतः ठरवते. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेची मान्यता म्हणजे त्या नंबरांवर शिक्का नव्हे. ते माप बघतात: व्यास किमान २१ सेंटिमीटर, वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम, रिमची खोली व्यासाच्या ५ ते १२ टक्के, शिवाय डिस्क किती वाकते ते. २१.२ सेंटिमीटरच्या पटरला ८.३ ने गुणलं की १७६ च्या जरा आत येतं, म्हणून बहुतेक पटरवर जास्तीत जास्त १७५-१७६ लिहिलेलं दिसतं. उडताना डिस्क डावीकडं किती वळते हे त्यात कुठंच तपासलं जात नाही. झोनवर ४, ३, ०, ३ आहे आणि इनोव्हाच्या ऱ्हायनो या पटरवर २, १, ०, ३. फेड दोन्हींचा ३, पण एकदा हातात घेऊन फेकून बघा, एकमेकांशी काही संबंध नाही. मग कालपरवा आलेल्या कंपनीचा ३ नेमका कुणाच्या ३ सारखा, हे आकड्यावरून कसं कळणार?

माझं पोट उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीच्या कामावर चालतं, त्यामुळं डिस्क आली की आधी टेबलावर जाते. सरफेस प्लेटवर डिस्क सरळ ठेवायची आणि हाईट गेजनं पार्टिंग लाइन किती उंचीवर आहे ते बघायचं. पार्टिंग लाइन म्हणजे रिमच्या बाहेरच्या कडेवर साच्याचे दोन भाग जिथं मिळतात ती बारीक रेघ. नखानं चाचपली तरी लागते. बाकी सगळं सारखं असेल तर ही रेघ जितकी वर, तितकी डिस्क जास्त ओव्हरस्टेबल. बिनबीडच्या पटरची रेघ बीडवाल्यापेक्षा डोळ्यांनाही दिसेल इतकी वर आहे. त्याची रिमही उथळ, सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, आणि वरचा भाग सपाट, तळहाताखाली फुगवटा लागत नाही. बीडवाला खोल आहे, मधे थोडा डोम (फुगवटा) आहे. इथंच निम्मं उत्तर मिळालं होतं.

हाईट गेज नसेल तरी अडत नाही. झोन आणि नवा पटर काचेच्या टेबलावर शेजारी ठेवा, डोळा टेबलाच्या पातळीला आणा आणि कडा बघा. दोन्हींची वजनं मात्र सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर करा, मागं मार्करनं लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. हलकी डिस्क वाऱ्यात वेगळी वागते आणि दोष मॉडेलला लागतो.

आणखी एक, नव्या कंपनीबाबत हे जास्त लागू आहे. प्लास्टिक साच्यात थंड होताना आकसतं. थंड व्हायला वेळ कमी मिळाला, तापमान बदललं, दुसरं प्लास्टिक भरलं, की त्याच साच्यातून डोम कमीजास्त निघतो आणि रेघ वरखाली होते. जुन्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही, पण त्यांचा कुठला माल कसा निघतो हे खेळणाऱ्यांना पाठ झालंय. नव्याचं तसं नाही. म्हणून कुणी 'हा वीटेसारखा डावीकडं पडतो' म्हणाला, तर कुठल्या प्लास्टिकमधला ते आधी विचारा.

आता माळावर. व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, तिथं डिस्क जोरात मारू नका. मी येळ्ळूरला राजहंसगडाच्या बाजूच्या माळावर जातो. आषाढात तिथला पश्चिमेचा वारा अंगावर घ्यायला लागतो, आणि ओव्हरस्टेबल पटर पारखायला याहून चांगली जागा नाही. वाऱ्याच्या तोंडावर डिस्क सरळ, सपाट आणि पूर्ण ताकदीनं मारायची. समोरून वारा असला की डिस्कला हवा जास्त वेगानं लागते, आणि जी मुळात कच्ची (कमी स्टेबल) आहे ती लगेच उजवीकडं कलंडते (मी उजव्या हाताच्या बॅकहँडबद्दल बोलतोय, डावखुरे असाल तर सगळं उलटं धरा). झोन आणि बिनबीडचा पटर दोन्ही या वाऱ्यात ओळीत राहिले आणि शेवटी डावीकडं वळले. बीडवाला आधी उजवीकडं सरकला, मग कसाबसा परत आला. तिथंच मी गुराखी मामांना 'काय हो, ताट कशाला फेकालाय?' याचं उत्तर देत बसलो होतो, पण फरक त्यांनाही दिसला. बीडवाल्याकडं बोट करून म्हणाले, 'हे एक वाऱ्याला भितंय.'

दुसरी परीक्षा वारा पडल्यावर. डिस्क मुद्दाम उजवीकडं तिरपी, म्हणजे अँहायझरवर सोडा आणि ती सपाट व्हायला किती वेळ घेते ते बघा. बिनबीडचा झोनपेक्षाही आधी सरळ होतो, आणि त्याला ग्लाइडही कमी आहे. हे सगळ्यांना आवडेल असं नाही. तीस-चाळीस मीटरच्या अप्रोचला (बास्केटजवळ नेणाऱ्या फेकीला) तो जिथं टाकाल तिथं बसतो, पण त्याहून लांब न्यायचा तर झोनपेक्षा जास्त जोर लागतो. फोरहँडला मात्र हाच चांगला, हाताची थोडी थरथर खपवून घेतो.

हे वळणं का होतं ते अल्टिमेटवाल्याला पटकन कळेल. डिस्क वेगात असताना हवेचा दाब तिचं नाक खाली दाबायला बघतो, वेग कमी झाला की नाक वर उचलायला बघतो. पण डिस्क फिरत असते, त्यामुळं तो जोर नव्वद अंश पुढं सरकून लागतो आणि नाक वरखाली होण्याऐवजी डिस्क बाजूला कलते: आधी उजवीकडं, शेवटी डावीकडं. ओव्हरस्टेबलमध्ये पहिला भाग जवळजवळ नसतोच. तुमची अल्टिमेटची डिस्कही १७५ ग्रॅमचीच, पण ती २७ सेंटिमीटरची आणि पातळ कडेची. तेवढंच वजन २१ सेंटिमीटरमध्ये आणि जाड रिममध्ये आलं की हातातून सुटणं, मनगट, सगळं बदलतं. पहिले काही दिवस सगळेच पटर तुम्हाला ओव्हरस्टेबल वाटतील. म्हणून तुलना नेहमी झोनशी करा, अल्टिमेटच्या आठवणीशी नको. एकदा झोन, एकदा नवा, त्याच जागेवरून, आलटून पालटून.

गोव्यातल्या कुणाचं मत वाचलं असेल तर तेही थोडं जपूनच घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ. विरळ हवेत डिस्क किंचित जास्त ओव्हरस्टेबल वागते. फरक छोटा आहे, पण दोन पटर जवळजवळ सारखे असले तर तेवढ्यानंही मत फिरतं.

प्लास्टिकबद्दल एवढंच की साधं, बेस प्लास्टिक घेऊ नका. पकड त्याची उत्तम असते, पावसातसुद्धा, हे मान्य. पण आमचा मुरूम आणि खानापूरकडचा जांभा कडा अक्षरशः खातो. कड खरवडली, गोलाई गेली, की डिस्क कच्ची होत जाते. बीडवाला मला बेस प्लास्टिकमध्येच मिळाला होता. आधीच तो कास्टाप्लास्टच्या बर्ग या पटरच्या जवळचा होता (बर्गवर १, १, ०, २ आहे), आता तो सरळच जातो. मी तो पटिंगला ठेवलाय आणि तिथं खूश आहे. प्रीमियम प्लास्टिक ओलं झालं की निसटतं, त्याला पिशवीत एक कोरडा टॉवेल ठेवायचा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र कुठलाच पटर सोडू नका.

पटिंगचं तुम्ही शेवटी विचारलंय. दहा मीटरच्या आत ओव्हरस्टेबल पटर मी फक्त वारा असला तरच काढतो, एरवी तो साखळीच्या डावीकडून निघून जातो. इथं कोर्स नाही, म्हणून सरावाच्या बास्केटसाठी कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडं जा. कडेची उंची जमिनीपासून ८२ सेंटिमीटरच्या आसपास ठेवायला सांगा आणि साखळ्या सैल सोडायला सांगा. ताणून लावल्या तर डिस्क आदळून बाहेर येते आणि तुम्ही उगाच पटर बदलत बसता.

तर ऑर्डर करताना बिनबीडचा, प्रीमियम प्लास्टिक, १७३ ते १७५ ग्रॅम. विकणाऱ्याकडून वरून नको, बाजूनं काढलेला फोटो मागवा, डोम कळतो. रंग कुठलाही चालेल, तांबडा आणि हिरवा सोडून. तांबडा उन्हाळ्यात आमच्या मातीत सापडत नाही आणि हिरवा पावसाळ्यात.