रूममेट घरातच सिगारेट ओढतात आणि मला दमा आहे. काय करू?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पुण्यात आलात, फ्लॅटमधले दोघंही हॉलमध्ये सिगारेट ओढतात आणि खिडक्या उघड्या ठेवूनही रात्री तुमचा खोकला थांबत नाही. मलाही दमा आहे आणि नोकरीची पहिली वर्षं मी अशाच फ्लॅटमध्ये काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खिडकी आणि पंख्याने धूर पातळ होतो, जात नाही. दुसऱ्याच्या धुराची कुठलीही मात्रा सुरक्षित नसते आणि हवा खेळती ठेवून हा धोका पूर्ण टळत नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) 2006 च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. एअर प्युरिफायरवर पैसे घालायचा विचार असेल तर थांबा. त्यातला हेपा फिल्टर (बारीक गाळणी) धुराचे कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू नाही. वास जावा म्हणून अगरबत्ती तर मुळीच लावू नका, दमेकऱ्याला तोही धूरच. आणि ‘मी खिडकीत उभा राहून ओढतो’ हेही मान्य करू नका. खोलीत साचणारा बराचसा धूर ओढणाऱ्याच्या तोंडातून येतच नाही, तो सिगारेटच्या जळत्या टोकाचा असतो.

म्हणून मागणी एकच ठेवा: घरात पेटवायची नाही. गच्चीवर जा, खाली जा. बाल्कनी चालेल, पण मधलं दार घट्ट लावून.

‘सोडून दे’ असं सांगू नका. निकोटिनचं व्यसन आपल्या सांगण्याने सुटत नाही, उलट समोरचा चिडतो. बाहेर जाऊन ओढणं मात्र त्याला आजपासून जमण्यासारखं आहे. दोघांपैकी जो जास्त समजूतदार वाटतो त्याला एकटं गाठा, हातात सिगारेट नसताना. ‘अरे, तू ओढतोस त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण घरात पेटवलीस की रात्री मला पंप घ्यावा लागतो. गच्चीवर जाशील का?’ आमच्याकडे एवढ्या बोलण्याने फरक पडला, कारण माझा दमा किती आहे हे तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं. पावसाळ्याचं मात्र आधीच ठरवून ठेवा. जूनमध्ये सरी सुरू झाल्या की गच्ची बंद होते आणि सिगारेट हळूच हॉलमध्ये परत येते. आम्ही पार्किंगची कडा ठरवली होती.

पुढेमागे कुणी स्वतःहून सोडायचं म्हणालाच, तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर द्या.

तोवर तुमच्या खोलीचं दार लावून फटीला ओला टॉवेल लावा, कपडे हॉलमध्ये वाळत घालू नका. यानं थोडंच भागेल. रात्री खोकल्याने जाग येत असेल तर दमा आटोक्यात नाही असं समजा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. नुसता पंप वाढवत राहणं धोक्याचं आहे.

कायद्याची मदत इथे होत नाही. 2 ऑक्टोबर 2008 पासूनची धूम्रपानबंदी सार्वजनिक ठिकाणांसाठी आहे, राहत्या फ्लॅटच्या आतल्या खोल्यांना ती लागू नाही. सांगूनही ऐकत नसतील तर अकरा महिन्यांच्या करारातली लॉक-इन (ठरावीक काळ जागा सोडता न येण्याची) आणि नोटिशीची अट वाचा आणि दुसरी जागा शोधायला लागा. डिपॉझिटसाठी फुप्फुसं पणाला लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. नवीन जागा संध्याकाळी सगळे घरी असताना बघा, पडदे आणि गाद्यांचा वास घ्या, आणि ब्रोकरच्या हातावर पैसे ठेवण्याआधी ‘घरात कुणी ओढतं का?’ हे राहणाऱ्यांनाच विचारा.