टेनपिन बोलिंगचा पहिला स्वतःचा बॉल घेताना
दुकानात गेल्यावर सगळ्यात जास्त वळणारा बॉल मागू नकोस. मी तीच चूक केली. लेनवरचं तेल सुकत आलं की तो हेडपिन, म्हणजे सगळ्यात पुढचा पिन, ओलांडून पलीकडे जायचा आणि बॉल कुठून टाकायचा ती लाइनच मला सापडायची नाही.

फाऊल लाइनपासून (जिच्यापुढे पाय टाकायचा नाही ती रेघ) हेडपिन ६० फुटांवर. नेहमीच्या लेनवर पहिल्या ४० फुटांपर्यंत तेल असतं. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकड घेतो. म्हणून बॉलचं कवच, म्हणजे बाहेरचा थर, आधी बघ. सुरुवातीला सौम्य रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचं कवच घे, ते कोरड्यावर चांगली पकड घेतं. तेलाचा पट्टा आखूड असेल तर युरेथेनच्या कवचाचा बॉल: तो लवकर वळायला लागतो, पण सावकाश, शेवटी झटका देत नाही. उजव्या हाताने खेळतोस ना, मग उजव्या मागच्या कोपऱ्यातल्या दहाव्या पिनसाठी सरळ जाणारा प्लॅस्टिकचा बॉल जवळ हवाच.

एकाच बॉलला ५०० ग्रिटचा, म्हणजे खरखरीत, घासायचा पॅड मारला तर तो लवकर पकडतो, ४००० चा गुळगुळीत मारला तर जास्त घसरतो. नवा बॉल घेण्याआधी हे करून बघ. परत आलेल्या बॉलवर तेलाच्या रिंगा दिसतील, प्रत्येक वेळी पुसून काढ.

अंगठ्याचं भोक मात्र तुझ्याच मापाचं पाडून घे. सैल असलं की बॉल आवळून धरावा लागतो आणि मनगट ताठरतं.