राजीनामा दसऱ्यानंतर द्यावा
लोटे-परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात काम करणाऱ्या 41 वर्षांच्या वाचकांनी विचारले आहे की, जूनअखेर राजीनामा देऊन भविष्य निर्वाह निधीतले 6 लाख 40 हजार रुपये काढावेत आणि गुहागरच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधाव्यात, हे योग्य होईल का. मेअखेर त्यांची लोट्यातली नोकरी 7 वर्षे 5 महिन्यांची झाली. त्याआधी 1 वर्ष 9 महिने ते तळोज्याला होते. तिथले खाते त्यांनी मोडलेले नाही आणि वर्गही केलेले नाही.

खोल्यांना माझा विरोध नाही; हरकत आहे ती जून महिन्याला.

आपल्या निर्वाह निधीच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दरमहा 1,250 रुपये दिसतात. कंपनी आपल्या पगाराच्या जे 12 टक्के भरते त्यांपैकी 8.33 टक्के, 15,000 रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंत, तिकडे वळते होतात. त्यावर व्याज दिसत नाही, म्हणून बहुतेकांचे तिकडे लक्षच जात नाही. या पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते, परंतु सहा महिने किंवा त्याहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने साडेनऊ वर्षांनाही ती मिळते. आपल्या दोन्ही नोकऱ्या मिळून 9 वर्षे 2 महिने होतात, म्हणजे कमी पडतात ते चारच महिने.

साडेनऊ वर्षे झाल्यास 58 व्या वर्षापासून ठरलेल्या सूत्राने 15,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे महिना सुमारे 2,143 रुपये तहहयात मिळतील आणि आपल्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. मात्र त्यानंतर पेन्शनच्या रकान्यातली रक्कम एकरकमी काढण्याची वाट बंद होते. आता नोकरी सोडून ती काढल्यास साधारण 1 लाख 40 हजार हाती येतील असे धरू. ते 8 टक्क्यांनी 17 वर्षे न मोडता ठेवले, तर 5 लाखांवर जातात आणि निव्वळ हिशेबात पेन्शनपेक्षा सरस ठरतात. पण आपण ते ठेवणार नाही. ते चिरे, सिमेंट आणि गवंड्याच्या मजुरीत जाणार आहेत, म्हणून माझा कौल पेन्शनला आहे.

शिवाय थांबण्यात आपले नुकसान काहीच नाही. जून ते सप्टेंबर गुहागरात पाया खणला, तरी पाणीच उपसत बसावे लागेल. तेवढे चार महिने पगार चालू राहील.

सगळे 6 लाख 40 हजार लगेच मिळतील, हे मात्र गृहीत धरू नये. ऑक्टोबर 2025 मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवल्यानुसार नोकरी सुटल्यावर 75 टक्के, म्हणजे 4 लाख 80 हजार, लगेच आणि उरलेले 12 महिन्यांनी काढता येतात. अर्जाच्या दिवशी लागू असलेला नियम एकदा पाहून घ्यावा. खात्यात राहणाऱ्या रकमेवर व्याज मिळते, पण नोकरी सुटल्यानंतरचे ते व्याज करपात्र असते. मुद्दल काढताना कर लागणार नाही, कारण पाच वर्षांची सलग सेवा आपण केव्हाच ओलांडली आहे.

तळोज्याचे खाते याच आठवड्यात ऑनलाइन वर्ग करण्यास टाकावे. तिथली नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली नसेल, तर अर्ज अडकतो. ती आधी पाहावी. वर्ग झाल्यावर पेन्शनची रक्कम नव्या पासबुकात दिसली नाही, तरी घाबरू नये, सेवेचा काळ मोजला गेला म्हणजे पुरे. आणि बिनपगारी दिवस सेवेतून वजा होऊ शकतात, म्हणून गणपतीला जायचे ते हक्काच्या रजेवरच जावे आणि राजीनाम्याची तारीख सप्टेंबरऐवजी ऑक्टोबरअखेरची ठेवावी.