मंडळी जमते कशासाठी?

प्रश्न : ख्रिस्ती चर्च म्हटले की शाळा, दवाखाने, अनाथालये आणि धर्मप्रसार या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. रविवारची उपासना तर तासा-दीड तासात आटोपते. मग चर्चचे मुख्य प्रयोजन कोणते समजायचे : ईश्वराची उपासना, लोकांची सेवा की सुवार्तेचा प्रसार?

उत्तर : तिन्हींपैकी एकच निवडायचे झाले, तर मी उपासना निवडेन, मात्र उपासनेत काय काय येते याची आपली कल्पना फार आखूड असते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी शब्दाकडे पाहू. चर्चसाठी बायबलच्या नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ असा आहे, आणि ग्रीक नगरराज्यांत नागरिकांना बोलावून जी सभा भरवली जाई तिलाही तो वापरत. मराठी बायबलने त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला, कॅथलिकांमध्ये ‘ख्रिस्तसभा’ रूढ झाला. ‘चर्च’ म्हणताच जी इमारत मनात उभी राहते ती या दोन्ही शब्दांत नाही, म्हणून मला ते मुळाला अधिक धरून वाटतात. बोलावले कोणी आणि कशासाठी, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचा नित्यक्रम एका वाक्यात येतो : प्रेषितांची शिकवण, परस्परांची सहभागिता, भाकर मोडणे (येशूच्या स्मरणार्थ भाकर वाटून खाणे, म्हणजेच प्रभुभोजन) आणि प्रार्थना.

हा क्रम प्रत्यक्षात कसा दिसे, हे दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सांगून ठेवले आहे. रविवारी सगळे एका जागी जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जात. मग अध्यक्ष उपदेश करी, सगळे उठून प्रार्थना करीत, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस यांवर आभारप्रार्थना होई आणि ते उपस्थितांना वाटले जात. जे येऊ शकले नव्हते त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, घरी पोहोचवीत. ज्यांची ऐपत असे ते स्वेच्छेने देणगी देत, आणि अध्यक्ष त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय पाही. दान गोळा करणे आणि अनुपस्थितांची आठवण ठेवणे या गोष्टी जस्टिन उपासनेच्या वर्णनातच सांगतो, त्यासाठी वेगळे प्रकरण काढत नाही. आपण पाडलेली उपासना आणि सेवा ही फाळणी त्याला बहुधा कळलीच नसती.

ही एकसंधता तेव्हाही सहज साधत नव्हती. ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनासाठी जमल्यावर खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आपापले जेवण आधीच उरकीत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून कडक शब्दांत लिहिले की, तुम्ही जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे. विधी झाला होता, भाकरही होती; पंगत मोडली होती, आणि पौलाच्या लेखी तेवढ्याने उपासनाच रद्द ठरली.

पुढे निरनिराळ्या परंपरांनी भर निरनिराळ्या ठिकाणी दिला. प्रोटेस्टंटांपैकी ल्यूथरन पंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने, जिथे सुवार्ता शुद्ध शिकवली जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात ती पवित्र जनांची सभा म्हणजे चर्च, अशी व्याख्या केली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनाविधीला चर्चच्या साऱ्या कार्याचे शिखर आणि त्याच्या सामर्थ्याचा उगम म्हटले, आणि त्याच परिषदेने १९६५ मध्ये चर्च स्वभावतःच प्रेषितकार्यासाठी, म्हणजे सुवार्ता जगात नेण्यासाठी, आहे असेही म्हटले. या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. जो समुदाय देवाच्या दयेबद्दल आभार मानायला जमतो, त्याने ती दया दाराबाहेर सांगू नये किंवा करू नये, हेच उलट चमत्कारिक ठरेल. उपासनेचा मागमूस नसलेली सेवा मोलाची असू शकते, आणि पुष्कळदा असते. पण ती करायला चर्चच लागते असे नाही.

कॅथलिक उपासनेला आपण ‘मिस्सा’ म्हणतो. हा शब्द लॅटिन विधीतील अगदी शेवटच्या, लोकांना निरोप देणाऱ्या वाक्यातून आला आहे : जा, तुम्हांला निरोप दिला आहे.