नवटाक : बारचं नाव नाही हो, माप आहे माप

प्रश्न आलाय तो असा, की जुन्या मुंबईतल्या बंद पडलेल्या हॉटेलांच्या आठवणी वाचताना (समोवार, बस्तानी, नाझ, वेसाइड इन, नेहमीची मंडळी) मधेच 'आंटीकडे जाऊन नवटाक' (आंटी म्हणजे चोरून दारू विकणारी बाई) असं आलं, तर नवटाक हा कुठला बार होता, कुठे होता, आणि गुत्ता, अड्डा, परमिट रूम यांत फरक काय.

बार नव्हता. माप होतं. आणि हे विचारलंत ते बरं केलंत, कारण मागच्या महिन्यात एका नव्या चकचकीत बारच्या मेनूकार्डावर 'नौटंकी शॉट, जुन्या बॉम्बेच्या अड्ड्यांची आठवण' असं वाचलं आणि माझी बिअर तिथेच गरम झाली. वेटरला म्हटलं हे नवटाक आहे, नौटंकी नाही, तर तो म्हणाला सर सेम ना. त्या 'सेम ना'वर पुढे येतो.

टाक म्हणजे लेखणी, टाक म्हणजे देव्हाऱ्यातला चांदीचा टाक, हे सगळ्यांना माहीत आहे, सोडा. इथला टाक म्हणजे टांक, संस्कृतातला टंक, वजन आणि नाणं दोन्ही, टांकसाळ त्यातलीच आणि बांगलादेशाचा टका पण त्याच गोतातला. आता मुंबईचं जुनं कोष्टक बघा, ४० शेरांचा मण आणि ७२ टांकांचा शेर. पावशेर म्हणजे १८ टांक. त्याचं अर्धं किती? ९. नऊ टांक, नवटांक, नवटाक! शेराचा आठवा भाग. मला तर हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा रात्री अकराला बायकोला उठवून सांगितलं होतं, तिने काय उत्तर दिलं ते इथे देत नाही.

आणि गंमत पुढेच आहे. हा जुना मुंबई मण होता २८ रत्तलांचा (रत्तल म्हणजे पाउंड), म्हणजे शेर भरतो जेमतेम ३१७ ग्रॅम आणि नवटाक ४० ग्रॅमच्या आत. नंतर बाजारात चालला तो ८० तोळ्यांचा शेर, ९३३ ग्रॅम, त्याचा आठवा भाग १० तोळे, ११६ ग्रॅमच्या वर. वजन जवळपास तिप्पट झालं, त्यात नऊ टांक कुठेच उरले नाहीत, पण नाव तेच. दुकानदाराने हिशोब बदलला, पिणाऱ्याने शब्द नाही बदलला.

आता काही जाणते लोक (शब्दांवर अधिकाराने बोलणारे, नाव घेत नाही) छातीठोक सांगतात की हातभट्टीत नवसागर टाकतात म्हणून ती नव-टाक. ऐकायला फक्कड आहे, खोटं आहे. हातभट्टीत नवसागर वापरतात हे खरं, पण नवटाक हे माप वाणसामानालाही होतं, आमची आजी नवटाक चहापावडर आणायला पाठवायची, तिच्या चहात काय नवसागर होता? शिवाय नवसागरातला 'नव' ना नऊ ना नवा, तो फारसी नौशादर, मराठीत येऊन सागर झाला. दुसरे म्हणतात 'नवी टाकलेली' म्हणून नवटाक. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

तर ते 'सेम ना'. उत्तरेत जी नौटंकी आहे, तमाशासारखा लोकनाट्याचा प्रकार, तिचं नाव पडलं मुलतानच्या शहजादी नौटंकीच्या गोष्टीवरून, आणि ही शहजादी इतकी नाजूक की तिचं वजन म्हणे नऊ टंक! म्हणजे आमची नवटाक आणि ती राजकन्या सख्ख्या मावसबहिणी निघाल्या. वेटर बरोबर होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं, आणि मेनू लिहिणाऱ्याला तर नव्हतंच नव्हतं, त्यामुळे माझा राग कायम आहे.

अजून एक, याला कुणी मानत नाही पण मी सांगणारच. आजच्या बारमध्ये क्वार्टर म्हणजे १८० मिली, तो झाला साधारण बाटलीचा पाव. त्याचा अर्धा? ९०. 'नाइंटी भर' म्हणतात ना, ती नाइंटी हिशोबाने नवटाकच आहे, आठवा भाग, आणि पुन्हा नऊचा आकडा! योगायोग असेल. आमच्या चाळीतले एक काका, आता नाहीत, ते शेवटपर्यंत ग्लासाला दोन बोटं आडवी लावून 'नवटाक' म्हणायचे आणि बारमधला पोरगा न विचारता नाइंटी ओतायचा. मेजर लावून बघितलं होतं एकदा, थेंबभर इकडेतिकडे.

बाकीचं राहिलंच. परमिट रूम हे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं अपत्य, प्यायची तर परमिट पाहिजे, म्हणून ती खोली. ज्यांच्याकडे परमिट नाही ते आंटीच्या अड्ड्यावर. अड्डा म्हणजे मुळात पक्ष्याने बसायची दांडी, बरोब्बर शब्द आहे. आणि गुत्ता म्हटलं की लोकांना चोरटी दारू आठवते, पण गुत्ता म्हणजे मक्ता, कानडीतलं गुत्तिगे तेच, सरकारकडून दारूविक्रीचा मक्ता घेतला की तो गुत्ता, म्हणजे उलट रीतसर कायदेशीर. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. आमच्या भाचीला तिकडचं स्थळ आलं, मुलाचे वडील गुत्तेदार, तर मुंबईतल्या आमच्या मेव्हण्यांनी तोंड वाकडं करून स्थळ परत पाठवायची तयारी केली होती, शेवटी मी फोन करून सांगितलं की अहो ते रस्ते बांधतात.