पन्नाच्या खाणीत पैसे घालावेत का?

प्रश्न : आमचं घराणं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं. थोरले दीर इंदूरला असतात. तिथला एक ओळखीचा म्हणतो, ‘मध्य प्रदेशातल्या पन्नात हिऱ्याच्या खाणीचा सरकारी पट्टा घेतलाय, वीस हजार घाला, निम्मा वाटा तुमचा. फक्त खडा सरकारजमा करायचा नाही, परस्पर विकायचा. जमा केला तर आपल्या हाती काही उरत नाही.’ हे खरं आहे का?
— एक वाचक भगिनी, विटा

उत्तर : ताई, या बोलीवर एक रुपयाही देऊ नका. भागीत खणणं पन्नात सर्रास चालतं, त्यात वावगं काही नाही. परस्पर विकणं मात्र गुन्हा आहे. आणि लपवून विकलेल्या खड्यात आपला निम्मा वाटा होता, हे उद्या कुठल्या कागदावर दाखवणार?

हाती काही उरत नाही, हे तर साफ खोटं. मी सांगलीत भूगर्भशास्त्र शिकवायचो. निवृत्तीनंतर पन्नाला आठवडाभर राहून आलो. पट्टा म्हणजे खणायला दिलेला आठ बाय आठ मीटरचा तुकडा, वर्षाचे 200 रुपये. वरची माती काढली की हिऱ्याची खडी लागते, तिला तिकडे ‘चाल’ म्हणतात. ती धुवायची, वाळवायची आणि उकिडवं बसून बोटांनी निवडायची. एक नवरा-बायको दिवस मावळेपर्यंत न बोलता निवडत होते, आपल्याकडे तांदूळ निवडतात तसं. हिरा निघाला की सरकारी हीरा कार्यालयात वजन होऊन पावती मिळते. पुढे लिलाव होतो आणि सुमारे 12 टक्के रॉयल्टी व कर कापून बाकीची रक्कम पट्टेदाराला मिळते.

दुखणं आहे ते वेळेचं. लिलाव रोज होत नाही, आणि मजुराला किराणावाल्याची उधारी आज भागवायची असते. दलाल नेमका तेव्हाच रोख पुढे करतो. चोरटी विक्री नुसत्या धाकाने थांबत नाही, असं माझं ठाम मत आहे. टांझानियाने मिरेरानी गावच्या टांझानाइट या निळ्या रत्नाच्या खाणींभोवती 2018 मध्ये 24 किलोमीटरची भिंत बांधली. पण 2019 मध्ये खनिज खरेदी-विक्रीची सरकारमान्य केंद्रंही उघडली. त्यानंतर 2020 मध्ये सानिनिऊ लायझर या छोट्या खाणवाल्याने दोन प्रचंड खडे थेट सरकारला विकले आणि तो कोट्यधीश झाला. हीरा कार्यालयानेही खडा जमा होताच निम्मी रक्कम हातावर ठेवली, तर दलालाकडे कोण जाईल?

आणखी एक गोष्ट मला तिथे फार लागली. खणून सोडलेले खड्डे उघडेच होते, पावसाळ्यात भरतात. श्रीलंकेत रत्नांच्या खाणीचा परवाना देतानाच अनामत घेतात, खड्डा बुजवला की ती परत मिळते. आपल्याकडेही हे व्हायलाच हवं.

दिरांना सांगा, त्या माणसाकडे पट्ट्याचा कागद मागा, पन्नाच्या हीरा कार्यालयात तो दाखवून खात्री करा आणि भागीदारी लेखी करा. तुमच्या भट्टीवर सोनं देणारा पावती घेतल्याशिवाय जातो का? तो कागद दाखवायला कुरकुरला, तर पुन्हा त्याचा फोनही घेऊ नका.