वकिलांकडे जाण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

'राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू' असं एचआरने तोंडी सांगितलंय ना? मग सही करू नकोस. एकदा सही झाली की ती बळजबरीने घेतली हे सिद्ध करणं तुझ्यावर येतं. आज रात्रीच त्यांना मेल टाक: अमुक तारखेला तुम्ही राजीनामा मागितलात, मला तो द्यायचा नाही. भांडणाचा एक शब्दही नको.

तुझ्या नियुक्तिपत्रावर 'असिस्टंट मॅनेजर' आहे म्हणून धीर सोडू नकोस. कायद्याने कामगार कोण, हे हुद्द्यावरून नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरतं. म्हणून वकिलांसाठी तुझी एक शिफ्ट बारकाईने लिहून काढ. मशीनवर तू स्वतः उभा राहतोस का? हाताखालच्या पोरांची रजा तू मंजूर करतोस, की अर्ज नुसता वर पाठवतोस? मेमो द्यायचा अधिकार तुला आहे का? कामगार न्यायालयात दाद मागता येईल की नाही, ते याच उत्तरांवर ठरेल. बहुतेक जण अपमानाच्या गोष्टी सांगण्यात अर्धा तास घालवतात आणि हे सांगायचं राहून जातं.

उशीर मात्र करू नकोस. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या, म्हणजे कामगाराला अन्यायाने काढून टाकण्यासारख्या वागणुकीविरुद्धच्या, १९७१ च्या कायद्याखाली तक्रार प्रकार घडल्यापासून ९० दिवसांत करावी लागते. नोकरी जाईपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही; हिंदुस्थान लिव्हरच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आधीच केलेली तक्रार चालते असं म्हटलंय. तुझ्या बाबतीत ते लागू पडतं का, हे वकिलांना जरूर विचार.

पगाराच्या स्लिपा, अप्रेजल, व्हॉट्सॲपवरचे मेसेज तारखेप्रमाणे लाव. स्क्रीनशॉट काढलास तरी मूळ मेसेज पुसू नकोस, फोनही बदलू नकोस. कंपनीच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊ नकोस, उगाच त्यांच्या हाती नवा आरोप जाईल.

आणि गेल्या वर्षीचा तो मेमो! तो वकिलांना पहिल्याच भेटीत दाखव. तुझ्याविरुद्ध जाणारी गोष्ट त्यांना कंपनीच्या जबाबातून कळता कामा नये. तू त्यांना विश्वासाने सांगितलेलं ते बाहेर सांगू शकत नाहीत.

फीचं आधीच स्पष्ट विचारून घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. औद्योगिक कामगाराला तिथून मोफत वकील मिळू शकतो. वकीलपत्र वाचूनच सही कर, मूळ कागद स्वतःजवळ ठेव आणि झेरॉक्सचा संच त्यांना दे.

तुझा,
काका